मॉलमध्ये जायचा क्रम: आधी काय, शेवटी काय

दिवाळी झाली, किंवा जानेवारीतला सेल सुरू झाला, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ठरलेले मेसेज पडतात. "पॅन्ट बदलून देत नाहीयेत, काय करू?" "आपली गाडी कोणत्या बेसमेंटला लावली होती, कुणाच्या लक्षात आहे का?" "आईंचे पाय सुजलेत, न जेवताच निघालो." प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो मधल्या दर्जाचा मॉल. घाटकोपरचा आर सिटी, ठाण्याचा कोरम, सीवूड्स स्टेशनला लागून असलेला मॉल, हडपसरचा अमनोरा किंवा त्याच्या समोरचा सीझन्स, असे. जाणारी मंडळी पाच: नवरा-बायको, दोन मुलं आणि सत्तरीतल्या आजी. हातात अर्धा दिवस. माझा अनुभव असा, की अशा फेरीत वस्तू निवडताना माणसं फारशी चुकत नाहीत, क्रम लावताना चुकतात. जड सामान आधी घेतात, जेवण लांबवतात, बिल न वाचता पैसे देतात आणि पार्किंगचे पैसे भरायची आठवण नेटवर्क नसलेल्या तळघरात पोचल्यावर होते.

टप्पा १: घरून निघण्याआधी

मापं घ्या. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या महिनाभराने कळतात. "ह्यांना चाळीस लागतो" एवढ्यावर शर्ट घेऊ नका, एका कंपनीचा चाळीस दुसरीच्या बेचाळीसएवढा निघतो. जो माणूस सोबत येणार नाही, त्याचा अंगाला नीट बसणारा एक शर्ट पलंगावर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि कॉलरखालून तळापर्यंत अशी तीन मापं टेपने घेऊन मोबाइलमध्ये लिहा. पॅन्टची कंबर आणि आतल्या शिवणीची लांबी घ्या. शिंप्याकडची टेप पर्समध्येच टाका, दुकानातला कपडाही तसाच पसरून मोजता येतो. सेल्समन बघतात, बघू देत.

चपला-बुटांसाठी सोपी युक्ती आहे. जाड कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ मारा, आकार कापून घ्या आणि दुकानात बुटात सरकवून बघा. कागद दुमडला तर बूट लहान.

बरोबर काय घ्यायचं:

- दोन मोठ्या कापडी पिशव्या. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कागदी पिशवीचे बहुतेक दुकानं वेगळे पैसे लावतात.
- आजींसाठी शाल आणि दुपारच्या गोळ्या. एसीचा झोत नेमका बाकड्यावरच येतो.
- पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि पाचशे रुपये सुट्टे. यूपीआय अडलं की हेच उपयोगी पडतात.
- गिफ्ट व्हाउचर असेल तर त्यावरची शेवटची तारीख आणि "इतर ऑफरसोबत चालणार नाही" ही ओळ घरीच वाचा.

वेळेचं म्हणाल तर मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराला दुकानं उघडताना जा. रविवारच जमत असेल तरी अकरालाच पोचा. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ ही वेळ फक्त गर्दी बघायला चांगली.

टप्पा २: पोचणं आणि गाडी लावणं

ट्रेनने जाणं शक्य असेल तर गाडी नेऊ नका. सीवूड्सला स्टेशनातूनच मॉलमध्ये शिरता येतं, वाशीचा इनऑर्बिटही स्टेशनजवळ आहे. आर सिटीला मात्र घाटकोपर स्टेशनातून रिक्षा करावी लागते.

गाडी नेलीच तर आजींना आधी मुख्य दारापाशी उतरवा, पण एकटं नाही. मोठ्या मुलाला किंवा सुनेला सोबत उतरवा. गाडी लावून वर यायला पंधरा मिनिटं सहज जातात आणि तेवढा वेळ त्या माउलीने दारातल्या गर्दीत पिशव्या सांभाळत उभं राहायचं का?

तळघरात गाडी लावली की उतरल्या उतरल्या एक फोटो काढा. गाडीचा नव्हे. खांबावरचा नंबर, मजल्याचं अक्षर आणि भिंतीचा रंग येईल असा. दोन वर्षांपूर्वी मी "बी-टू, निळा भाग" एवढंच डोक्यात ठेवलं होतं. निळे भाग दोन निघाले. पाऊण तास आम्ही हातात वितळणारं आइस्क्रीम घेऊन गाडीच्या रिमोटचं बटण दाबत फिरत होतो आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाची तरी गाडी 'टूक' करायची.

> तपासा: पार्किंगची स्लिप पाकिटात आहे ना? डॅशबोर्डवर नको. हरवली तर दंड लागतो, तो किती हे आत शिरतानाच्या दरफलकावर लिहिलेलं असतं. शनिवार-रविवारचा दर वेगळा असू शकतो, तोही तिथेच वाचा.

टप्पा ३: पहिली पंधरा मिनिटं, खरेदी बंद

आत शिरताच समोर 'सेल' दिसतो आणि पाय तिकडे वळतात. आवरा. आधी ही चार कामं करा.

पहिलं, हेल्प डेस्क. आजींना चालवत नसेल तर तिथे व्हीलचेअर मागा. बहुतेक मॉलमध्ये ती फुकट मिळते, ओळखपत्र ठेवून घेतात. "एवढी काही मी म्हातारी नाही" असं ऐकावं लागेल. तरी घ्या, तासाभराने त्यात पिशव्या तरी ठेवता येतात.

दुसरं, स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा. ते साधारण मजल्याच्या टोकाला, एखाद्या आडव्या बोळात असतं. लिफ्टही तशीच कोपऱ्यात असते. समोर दिसतात ते सरकते जिने.

तिसरं, भेटायची जागा. "मेन गेटला भेटू" म्हणू नका. मॉलला तीन-चार गेटं असतात आणि प्रत्येकाला आपलंच मेन वाटतं. तळमजल्यावरचं एखादं दुकान ठरवा आणि मुलांना ते बोटाने दाखवा.

चौथं, मुलं. दोघांचा आजच्या कपड्यांतला एक फोटो काढा. धाकट्याच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा फोन नंबर लिहा. हरवल्यावर काय करायचं ते दोनच वाक्यांत सांगा: जिथे आहेस तिथेच थांब, आणि गणवेशातल्या सिक्युरिटीकाकांना किंवा दुकानात बिल करणाऱ्या मावशींना सांग. मूल दिसेनासं झालं तर स्वतः धावत सुटण्याआधी जवळच्या सिक्युरिटीला फोटो दाखवा. त्यांच्याकडे वॉकीटॉकी असतो, सगळ्या गेटांना मिनिटात कळतं.

> सावध: सरकत्या जिन्यावर साडीचा पदर, निऱ्या आणि ओढणी हातात धरा. क्रॉक्ससारख्या मऊ रबरी चपला जिन्याच्या कडेच्या फटीत ओढल्या जातात, मुलांना पायरीच्या मधोमध उभं करा. बाबागाडी आणि व्हीलचेअर फक्त लिफ्टने.

टप्पा ४: बघणं, घालून बघणं, न घेणं

मॉलची रचना तुम्हाला चालवण्यासाठीच केलेली असते. मोठी दुकानं दोन टोकांना, फूड कोर्ट आणि सिनेमा वरच्या मजल्यावर, बाकडी मोजकीच. म्हणून आधी लांबच्या टोकाच्या दुकानात जा आणि बघत बघत मधल्या भागाकडे या. आजींना मधल्या चौकात बसवलंत तर प्रत्येक फेरीला त्यांच्याकडे डोकावता येतं.

या फेरीत कपडे घालून बघायचे, विकत घ्यायचे नाहीत. आवडला तर टॅगचा फोटो काढा, त्यावर साइझ, रंगाचा कोड आणि किंमत असते. शेवटचाच नग असेल तर काउंटरवर "दोन तास बाजूला ठेवता का?" विचारा. अनेक जण ठेवतात.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं उभं राहू नका. दोन्ही हात वर करा, खाली वाका, बाकड्यावर बसा. पॅन्ट उभं राहून सगळ्यांनाच बसते, खरं काय ते बसल्यावर कळतं. चपला-बूट दुपारनंतर घ्या, चालून पाऊल थोडं सुजलेलं असतं आणि तेच खरं माप.

आता सेलच्या पाट्या. हा भाग घाईत वाचू नका.

*"५० टक्क्यांपर्यंत"* यातला 'पर्यंत' बारीक अक्षरात असतो. पन्नास टक्के फक्त कोपऱ्यातल्या एका रॅकवर, बाकी सगळीकडे वीस.

*"दोनवर दोन फ्री"* यात सगळ्यात कमी किमतीचे दोन नग फुकट धरतात. १९९९ चा शर्ट आणि ५९९ चा टी-शर्ट एकत्र केलात तर १९९९ चा फुकट मिळत नाही. शिवाय असा एक नग परत करायचा झाला तर बरीच दुकानं चारही नग मागतात. म्हणून साधारण सारख्या किमतीचे चार निवडा, नाहीतर ऑफरच सोडा. तिसरा आणि चौथा शर्ट लागणार होता का, हा प्रश्न इथेच विचारायचा.

*किमतीवर किमतीचं स्टिकर* असेल तर नखाने कडा उचलून खालचा आकडा बघा. छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. सूट छापील किमतीवर दिली आणि वर पुन्हा जीएसटी लावला, तर ती फसवणूक. कर असाच वेगळा लावण्याला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं आहे. तेव्हा तो व्हॅट होता, युक्ती तीच.

आणि मधल्या मोकळ्या जागेतल्या टेबलांपासून लांब राहा. "सर, फक्त एक फॉर्म भरा, लकी ड्रॉ आहे" म्हणणाऱ्या मुलीच्या हातात तुमचा नंबर गेला की चार दिवसांनी "तुम्हाला फुकट सहल लागली आहे, जोडीने या" असा फोन येतो. तिथे दोन तास बसवून हॉलिडे क्लबचं सभासदत्व विकतात. मान हलवून पुढे चला. 'नाही' म्हणायलाही थांबलात की संभाषण सुरू होतं.

टप्पा ५: जेवण लवकर

साडेबाराच्या आत किंवा अडीचनंतर. मधल्या वेळेत फूड कोर्टात टेबल मिळवायला लोक जेवणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहतात आणि घास घशाखाली उतरत नाही.

आधी दोघांनी टेबल धरायचं, मग दोघांनी रांगेत जायचं. काही फूड कोर्टांत पैसे भरून कार्ड घ्यावं लागतं. त्यात लागेल तेवढंच भरा आणि उरलेले पैसे त्याच दिवशी, उठतानाच परत मागा. "पुढच्या वेळी वापरू" म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये अशी तीन कार्डं पडली आहेत.

बसून जेवायच्या हॉटेलात बिलावर 'सर्व्हिस चार्ज' आहे का बघा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. "हा काढा" एवढंच शांतपणे म्हणायचं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यावर वाद घालू नका. बाटलीबंद पाण्याचंही तसंच. हॉटेलं छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. म्हणून साधं पाणी मागा. सिनेमाला जाणार असाल तर थिएटरने बाहेरचं खाणं अडवलं तरी पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही, हे २०२३ च्या निकालात आलं आहे.

टप्पा ६: बिलिंग काउंटर

इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. मागे रांग आहे म्हणून घाई करणारे लोकच दुसऱ्या दिवशी मला फोन करतात.

पैसे देण्याआधी, याच क्रमाने:

१. प्रत्येक नग स्कॅन होताना स्क्रीनकडे बघा. रॅकवरची सूट मशीनमध्ये चढलेली नसते, हे वारंवार होतं. टॅगचा फोटो इथे कामाला येतो.

२. मोबाइल नंबर मागतील. द्यायची सक्ती नाही. दुकानदारांनी नंबरसाठी अडवू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्ये दिली आहे. "नंबरशिवाय बिल निघत नाही" म्हणाले तर मॅनेजरला बोलवा, बिल निघतं. परतीसाठी नंबर सोयीचा वाटत असेल तर द्या, पण तो तुमचा निर्णय असू दे.

३. विचारा: बदलून किती दिवसांत मिळेल? पैसे परत मिळतात की फक्त क्रेडिट नोट? दुसऱ्या शाखेत चालेल का? सेलच्या मालाला हेच नियम का? अंतर्वस्त्रं आणि सौंदर्यप्रसाधनं साधारण परत घेत नाहीत. तोंडी उत्तरावर विसंबू नका, बिलाच्या मागे छापलेलं वाचा.

४. पिशवीचे पैसे लावलेत का? आपली कापडी पिशवी आधीच काउंटरवर ठेवा.

५. पैसे दिल्यावर प्रत्येक कपड्याचा प्लास्टिकचा चोरीरोधक टॅग काढला का ते हाताने चाचपा. तो राहिला तर दारात भोंगा वाजेल, किंवा त्याहून वाईट, वाजणार नाही आणि घरी गेल्यावर दिसेल.

> सावध: यूपीआयमधून पैसे गेले पण दुकानात आले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका. पाच मिनिटं थांबा, व्यवहाराचा क्रमांक दाखवा. तरी मिळाले नाहीत तर रोख द्या. अडकलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

बिलाचा लगेच फोटो काढा. हा थर्मल कागद पर्सच्या उबेत दोन-तीन महिन्यांत पांढरा पडतो आणि वॉरंटीचं बिल नेमकं तेव्हाच लागतं.

पॅन्टची लांबी कमी करायची असेल तर आधी हे लक्षात ठेवा: कात्री लागली की बदली संपली. ज्याच्यासाठी घेतली तो सोबत नसेल तर घरी नेऊन घालायला द्या, मुदत संपण्याआधी परत येऊन अल्टरेशन करा. ग्रुपवरची पॅन्टची तक्रार दर वेळी इथेच अडकते.

टप्पा ७: गेम झोन आणि किराणा, अगदी शेवटी

मुलांना गेम झोनचं आमिष शेवटपर्यंत पुरवून वापरा. तिथेही कार्ड असतं आणि "हजार भरा, तीनशे जास्त" हा मोह असतो. उरलेली रक्कम सहसा परत मिळत नाही, मुदतही असते. मुलं अर्ध्या तासात किती खेळ खेळतील याचा हिशेब करून तेवढंच भरा.

मॉलमधलं सुपरमार्केट साधारण खालच्या मजल्यावर असतं, तेव्हा ते परतीच्या वाटेवर घ्या. तेल, पीठ, मग भाजी आणि गोठवलेलं सगळ्यात शेवटी. आधी घेतलेल्या पिशव्या आत नेऊ देणार नाहीत. बॅगेज काउंटरवर ठेवताना टोकन घ्या आणि पाकीट-मोबाइल त्यात ठेवू नका. बाहेर पडताना बिलावर शिक्का मारतात, म्हणून बिल पिशवीच्या तळाशी खुपसू नका.

टप्पा ८: निघणं

खाली उतरण्याआधी तळमजल्यावरच पार्किंगचे पैसे भरा. बेसमेंटमध्ये नेटवर्क जातं, क्यूआर कोड फिरत बसतो आणि मागे हॉर्न वाजतात. काही मॉल खरेदीच्या बिलावर पार्किंगमध्ये सूट देतात, हेल्प डेस्कला एकदा विचारा. पैसे भरल्यावर गेटपर्यंत पोचायला ठरावीक मिनिटं मिळतात, त्यामुळे त्यानंतर "एक मिनिट, ते कानातले बघून येते" नको.

स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या. रविवारी संध्याकाळी गेटबाहेरच्या रस्त्यावर अर्धा तास सहज जातो.

कॅब बोलवायची तर बाहेर उघड्यावर येऊन बोलवा, आत जीपीएस भलत्याच गेटचा ठिपका दाखवतं. गेटचा क्रमांक ड्रायव्हरला फोनवर सांगा.

> तपासा: माणसं पाच, पिशव्या किती? व्हीलचेअर परत करून ओळखपत्र घेतलं? बॅगेजचं टोकन कुणाच्या खिशात तर राहिलं नाही?

टप्पा ९: घरी, त्याच रात्री

थकवा कितीही असो, कपडे त्याच रात्री उजेडात घालून बघा. शिवण, चेन, बटणं, डाग. टॅग कापू नका, धुऊ नका. बदलायचं ठरलं तर शनिवार-रविवार सोडून जा, काउंटरवरची माणसंही तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत असतात.

एक फरक मात्र नीट समजून घ्या, कारण यावरच सगळी भांडणं होतात. रंग आवडला नाही किंवा साइझ चुकली, तर बदलून देणं हे दुकानाच्या धोरणावर आहे, कायद्याचा आधार घेऊन ओरडू नका. पण माल सदोष निघाला तर "नो एक्स्चेंज, नो रिफंड" या पाटीला अर्थ उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं.

आधी दुकानाच्या मॅनेजरला बिलाचा आणि दोषाचा फोटो जोडून ईमेल करा, म्हणजे तारीख नोंदली जाते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा, मराठीत बोललं तरी चालतं. हातात बिल, टॅगचा फोटो आणि त्या ईमेलची तारीख घेऊन बसा, पहिल्या दोन मिनिटांत तेच विचारतात.